मध्यम लहर बंद करून सगळं एफएमवर न्यावं का?

कातळसडा
आकाशवाणीचे जुने मध्यम लहरींचे, म्हणजे एएमचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करायचे आणि भर एफएमवर द्यायचा, असं प्रसार भारतीचं धोरण आहे. माझा त्याला विरोध आहे. तो जुन्या आठवणींपोटी नाही, रेडिओ आजही लागतो म्हणून आहे.

आमची वाडी दापोली तालुक्यात, दोन डोंगरांच्या मधल्या खोलगटात. एफएम ऐकायचं तर सड्यावर चढावं लागतं. एफएमची लहर जेमतेम 3 मीटरची. ती नजरेसारखी सरळ जाते, डोंगर आडवा आला की खेळ खलास. मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर, म्हणजे लहर सुमारे 537 मीटरची. ती जमिनीला धरून येते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर मातीपेक्षा कितीतरी लांबवर येते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. माडाबरोबर विजेचे खांब झोपले, मोबाइलचे टॉवर गप्प झाले. वडिलांनी फळीवरचा ट्रान्झिस्टर काढला. सेलच्या जागी गंज चढला होता, तो त्यांनी खिळ्यानं खरवडला आणि घड्याळाचे दोन सेल त्यात घातले. खळ्यात बसून आम्ही पंधरा माणसांनी बातम्या ऐकल्या. वाडीच्या बाहेर काय झालंय ते तेव्हा कुठे कळलं.

पेठेतला श्रोता
तुमचा अनुभव खरा आहे, पण एका वादळावरून धोरण ठरवू नये. पुण्याचं केंद्र 792 किलोहर्ट्झवर मी लहानपणापासून ऐकत आलो. आता घरात रेडिओ लावला की शब्दापेक्षा खरखरच जास्त. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळं त्या पट्ट्यात घुसतं. शास्त्रीय गायनाची मैफल मध्यम लहरीवर ऐकणं म्हणजे तानपुऱ्यावर वाळू ओतणं. एफएमवर तीच मैफल स्वच्छ येते. शिवाय मोबाइलमध्ये मध्यम लहर नसतेच. नव्या पिढीनं ऐकायचं कशावर?

सोल्डरवाला
तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, म्हणून दोन गोष्टी.

ट्रान्झिस्टरच्या पोटात काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे. मध्यम लहरीचा अँटेना तोच. वरची दांडी ओढून उपयोग नाही, ती एफएमसाठी. रेडिओ टेबलावर ठेवून सावकाश फिरवायचा. कांडी स्टेशनकडे आडवी आली की आवाज भरतो, टोक स्टेशनकडे झालं की पडतो. लोक रेडिओ भिंतीला टेकवून ठेवतात आणि स्टेशनला दोष देतात.

दुसरं म्हणजे मेन स्विच पाडा आणि सेलवर ऐका. खरखर गेली तर दोष घरातल्या वस्तूंचा. माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाचा रेडिओ उत्तम होता. खराब होता तो देव्हाऱ्यातला स्वस्त दिवा.

बाकी मात्रा
भावना समजते, पण मध्यम लहरीचा खर्चही बघा. नागपूरजवळ बुटीबोरीला या लहरीसाठी 1000 किलोवॅटचा ट्रान्समीटर उभारला होता. मनोरा उंच लागतो, त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं पुरावं लागतं, त्यासाठी एकरांनी जागा लागते. तेवढ्या पैशात कितीतरी एफएम मनोरे होतील. रात्री तर मध्यम लहर आकाशातल्या थरावरून परतते आणि दूरचं स्टेशन जवळच्यावर चढतं. मला परभणी ऐकायचं असताना मागे भलतीच भाषा बोलत असते.

कातळसडा
@बाकी मात्रा, मनोरे होतील हे मान्य, पण कुठे आणि किती ताकदीचे? 28 एप्रिल 2023 ला देशात एकदम 91 एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, प्रत्येक 100 वॅटचा. सपाट गावाला ते पुरतात, सह्याद्रीच्या पोटात नाही. आमच्यासारख्या दर दरीला एक उभारणार असाल तर मी आजच विरोध सोडतो. आधी उभारा, वाडीत येऊन ऐका, मग मध्यम लहर बंद करा. उलट क्रम आम्हाला परवडत नाही.

@पेठेतला श्रोता, मैफल एफएमवरच ऐकावी, त्यात वादच नाही. माझं म्हणणं बातमीपुरतं, हवामानाच्या इशाऱ्यापुरतं आहे. ते खरखरीतूनही कळतं.

पेठेतला श्रोता
इशारा आता थेट मोबाइलवर येतो, मोठा आवाज करून. वादळ यायच्या आधी टॉवर चालूच असतात ना?

कातळसडा
आधी असतात. आम्हाला गरज पडली ती नंतर. रस्ता कुठपर्यंत मोकळा झाला, वीज कधी येणार, औषध कुठे मिळेल, हे टॉवर पडल्यावरचे प्रश्न आहेत.

@सोल्डरवाला दादा, सकाळी तुम्ही म्हणालात तसं मेन स्विच पाडून पाहिलं. निम्मी खरखर गेली. रेडिओ फळीवरून उतरवून खळ्यातल्या कट्ट्यावर ठेवला, पाव फेरी वळवला, तर निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू आला. मग एफएमची दांडी पूर्ण ओढून सगळा काटा फिरवला. एकही स्टेशन लागलं नाही.