घरी बांधलेल्या गाडीची मागची फ्रेम आणि फोर-लिंक: आधी रेल की आधी एक्सल?

कोलशेतचा_गाळा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. ठाण्यात कोलशेतला भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक दोन आसनांची, उघडी, बुटकी गाडी बांधत आहोत. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, व्हीलबेस २४०० मिमी आणि मागे मारुती जिप्सीचा अख्खा एक्सल, ज्यावरचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) उतरवले आहेत. टायर १८५/६० आर १५ असल्यामुळे एक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण ३०० मिमीवर येतो. फ्रेमसाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून १०० बाय ५० बाय ३ मिमीची चौकोनी नळी आणली असून तिची खालची बाजू गाडीच्या मध्यभागी जमिनीपासून १८० मिमीवर ठेवली आहे. पुढची चौकट जुळली आहे, मागचा भाग अजून कापलेलाही नाही.

आमच्याकडे येणारे वेल्डर म्हणतात की मागे रेल, म्हणजे फ्रेमची लांबीतली नळी, २०० मिमी उचलून आधी पक्की करून घ्यावी, आणि एक्सल वर येताना जिथे लागेल तिथे रेलला खालून ४० मिमीची खाच पाडावी, म्हणजे बॉडी उंच दिसणार नाही. मला दोन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. ही खाच कितपत सुरक्षित आहे? आणि पाटे न वापरता फोर-लिंक, म्हणजे एक्सल चार दांड्यांनी फ्रेमला जोडायची रचना, करायचे झाल्यास वरच्या दोन लिंक तिरक्या घ्याव्यात, की चारही समांतर ठेवून पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) लावावा? एक्झॉस्ट डाव्या बाजूने मागे जाणार आहे आणि पेट्रोलची टाकी एक्सलच्या मागे बसणार आहे.

जुना_फिटर यांचे उत्तर

नमस्कार. तुम्ही अजून कापले नाही हे उत्तम, कारण या कामात क्रम हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. एक्सल आधी जागेवर उभा करावा, तो किती वर आणि किती खाली जाणार हे प्रत्यक्ष मोजावे, आणि मग त्याच्याभोवती रेल बांधावी. रेल आधी पक्की केली की पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे लिंकची लांबी, पिनियनचा (एक्सलमध्ये चालना आणणाऱ्या शाफ्टचा) कोन, शॉकअपची जागा, तिच्या सोयीने वाकवावी लागते आणि गाडीची चाल तिथेच बिघडते.

तुमच्याच आकड्यांवरून पाहा. एक्सलची नळी मध्यापासून वर सुमारे ३५ मिमी धरली, वर येण्याची मुभा ७५ मिमी ठेवली आणि दाबल्या गेलेल्या रबराच्या अडणीला २० मिमी दिले, तर एक्सलच्या वरच्या भागात रेलची खालची बाजू जमिनीपासून ४३० मिमीवर हवी. मध्ये ती १८० वर आहे, म्हणजे उचल २५० मिमी लागते. तुमचे वेल्डर २०० मिमी उचल आणि ४० मिमी खाच म्हणतात, त्यात दहा मिमी तसेही कमी पडतात, पण मुख्य हरकत वेगळी आहे. १०० मिमी उंचीच्या या नळीला खालून ४० मिमी कापून, तळाला तशीच पट्टी लावून पुन्हा बंद केले, तरी उरलेल्या ६० मिमी उंचीच्या पेटीची वाकण्याविरुद्धची ताठरता मूळच्या जेमतेम २९ टक्के राहते आणि ताकद निम्म्याहूनही थोडी खाली येते. शिवाय ही कमजोर जागा नेमकी अशा ठिकाणी येते, जिथे पुढे लिंकचा आणि मागे शॉकअपचा भार रेलवर उतरतो. म्हणून खाच टाळा आणि पूर्ण १०० मिमी उंची राखून २५० मिमीची उचल घ्या. बॉडीच्या रेषेसाठी रेल खालीच ठेवणे भाग असेल, तर जितके खालून कापाल तितकेच वरून चढवून पेटीची उंची कायम ठेवावी लागेल.

आता लिंक. तुमच्या गाडीत मी चारही समांतर लिंक आणि पॅनहार्ड रॉड घेईन. तिरक्या लिंकची रचना सुंदर असते, तिला पॅनहार्ड लागत नाही, पण तिचे ब्रॅकेट डिफरेन्शियलच्या घरावर वेल्ड करावे लागतात, वरून पाहता दोन लिंकमध्ये ४० अंशांच्या पुढे कोन हवा, आणि त्या कोनासाठी लागणारी जागा तुमचा एक्झॉस्ट खाणार. समांतर रचनेत सगळे ब्रॅकेट एक्सलच्या नळीवर, जिथे आज पाट्यांच्या बैठका आहेत तिथेच, येतात. डिफचे घर ओतीव असलेला एक्सल असेल तर त्यावर वेल्डिंगचा विचारही करू नये.

वरची आणि खालची लिंक यांत एक्सलवर उभे अंतर किती ठेवता याकडे मात्र फार लक्ष द्या, कारण जागा कमी पडली की सगळे याच अंतरावर घाव घालतात. समजा, दोन्ही चाके मिळून जमिनीवर ५०० किलोच्या बळाने गाडी पुढे ढकलत आहेत आणि खालच्या लिंकचा बोल्ट जमिनीपासून २५० मिमीवर आहे. वरचा बोल्ट त्याच्या २०० मिमी वर असेल, तर वरच्या दोन लिंकवर मिळून ६२५ किलोचा ताण आणि खालच्या दोन लिंकवर ११२५ किलोचा दाब येतो. तेच अंतर १०० मिमी केले की आकडे १२५० आणि १७५० होतात, आणि ब्रेक लावताच सगळे उलट दिशेने ओढले जाते. एवढे भार झेलणारा बोल्ट ब्रॅकेटच्या दोन कानांच्या (भोक पाडलेल्या पत्र्यांच्या) मध्येच असला पाहिजे. एका बाजूने लटकणारा बोल्ट इथे चालणार नाही. कान ६ मिमीच्या पत्र्याचे घ्या आणि बोल्ट असा निवडा की आटे कानाच्या भोकात न येता बाहेर राहतील.

वरच्या आणि खालच्या लिंकची लांबी सारखी आणि बाजूने पाहता त्या समांतर ठेवल्या, तर एक्सल वर-खाली जाताना पिनियनचा कोन बदलत नाही. वळणावर एक चाक वर आणि दुसरे खाली गेले तरी दोन बाजू एक्सलला वेगवेगळे पिळू पाहत नाहीत. लांबी वेगळी ठेवून वर कडक पॉलियुरेथेनचे बुश लावले, तर एक्सल अँटी-रोल बारसारखा (गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीसारखा) वागू लागतो आणि ब्रॅकेटच्या कडेला चिरा पडतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी साधे रबरी बुश मला अधिक पसंत आहेत. रॉड एंड (रबराऐवजी धातूचा गोळा असलेली टोके) अचूक असतात, पण आपल्याकडच्या चिखलात आणि धुळीत ते लवकर सैल पडून वाजू लागतात.

पॅनहार्ड रॉड जितका लांब घेता येईल तितका घ्या आणि गाडी नेहमीच्या उंचीवर उभी असताना तो आडवा सपाट ठेवा. ९०० मिमीचा रॉड असेल तर ७५ मिमी उसळीला एक्सल बाजूला सुमारे ३ मिमी सरकतो, ४०० मिमीचा असेल तर तेच ७ मिमी होतात. टाकी एक्सलच्या मागे असल्याने रॉड आणि टाकीचा पुढचा काठ यांत पूर्ण उसळीला किती जागा राहते, हे टाकी बनवण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना धरून पाहा.

रबाळे_वेल्डशॉप यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. क्रमाबद्दल ते जे म्हणतात ते वेल्डिंगच्या बाजूने पाहिले तरी खरे ठरते, कारण प्रत्येक शिवण थंड होताना आकसते आणि फ्रेमला आपल्याकडे ओढते. त्यामुळे एक्सल, लिंक आणि रेल हे सगळे टाक्यांवर (छोट्या तात्पुरत्या वेल्डवर) जुळल्याशिवाय एकही शिवण पूर्ण भरू नका.

गाळ्याची फरशी सपाट आहे असे गृहीत धरू नका. दोन १०० मिमीचे चॅनेल खाली पॅकिंग देऊन पाणसळीने सपाट करा, त्यावर फ्रेम बांधून टाका, मध्यरेषा दोरीने आखा आणि एक्सलची दोन्ही टोके ओळंब्याने खाली फरशीवर उतरवा. गुण्यावर विसंबू नका. मोठ्या चौकटीत कर्णच खरे सांगतात, आणि पुढच्या चाकांच्या मध्यापासून मागच्या चाकांच्या मध्यापर्यंतचे दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. टाके मारल्यावर पुन्हा मोजा, आणि मग शिवणी थोड्या थोड्या, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे, हाताला सोसवेल इतकी नळी निवू देत भरा.

रेलची उचल करताना जिथे नळी कोनात कापून जोडली जाते, तो सांधा नुसत्या शिवणीवर सोडू नये. दोन्ही अंगांना ३ मिमीच्या पट्ट्या लावा, आणि त्यांची टोके सरळ उभी न कापता शंकरपाळ्याच्या आकाराची ठेवा, म्हणजे शिवण रेलला एकाच उभ्या रेषेत आडवी जाणार नाही. पट्टी बसवण्यासाठी खालची शिवण घासावी लागते तेवढीच घासा, बाकीची दिसायला नीट नाही म्हणून ग्राइंडरने सपाट करू नका. रेलमधून जिथे बोल्ट आरपार जाणार आहे तिथे आत नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना ३ मिमीची भिंत आत दबेल.

सीओटू वेल्डिंग असेल तर गाळ्यातला पंखा बंद करा आणि खाडीकडून वारा येत असेल तर शटर अर्धे ओढा, कारण गॅस उडून गेला की वरून बरी दिसणारी शिवण आतून सच्छिद्र निघते. आर्क वेल्डिंग करणार असाल तर पावसाळ्यात उघडे राहिलेले रॉड वापरू नका. ६ मिमीचा कान ३ मिमीच्या भिंतीला जोडताना ज्योत जाड पत्र्यावर अधिक धरायची असते. नळी गॅल्व्हनाइज्ड असल्यास जस्त आधी पूर्ण घासून काढा, त्याचा धूर घातक असतो.

एक्सलच्या नळीवर ब्रॅकेट लावण्याआधी आतले शाफ्ट, सील आणि बेअरिंग काढा. अर्थची पकड शिवणीच्या अगदी जवळ लावा. दोन्ही बाजूंच्या हबच्या तोंडांना सरळ पट्ट्या बांधून पट्ट्यांच्या पुढच्या टोकांमधले आणि मागच्या टोकांमधले अंतर लिहून ठेवा, तसेच वरचे आणि खालचेही. वेल्डिंगनंतर हेच आकडे पुन्हा घेतले की नळी किती वाकली ते लगेच कळते. शिवणी २५-३० मिमीच्या तुकड्यांत, आलटून पालटून भरल्या तर वाक फारसा येत नाही.

वाशीचा_वाचक यांचे उत्तर

तांत्रिक बाजू मंडळींनी सांगितलीच आहे, मी कायद्याचे तेवढे लिहितो, कारण त्यावर तुमची पुढची योजना ठरेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ निर्मात्याच्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणजे जिप्सीचा एक्सल आणि तिचे नोंदणी पुस्तक वापरून ही गाडी जिप्सी म्हणून ठाण्याच्या रस्त्यावर चालवता येणार नाही. नव्या वाहनाच्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी घ्यावी लागते. गाडी खासगी जागेसाठी किंवा ट्रॅकसाठीच धरून चला आणि ती ट्रेलरवर चढवायला मागे ओढण्याचे दोन मजबूत कान आत्ताच फ्रेममध्ये घ्या.

कोलशेतचा_गाळा

सर्वांचे मनापासून आभार. खाच रद्द केली आहे आणि २५० मिमीची उचल पुठ्ठ्यावर आखली आहे. गाडी ट्रॅकसाठीच आहे, त्यामुळे ट्रेलरची सूचना फार उपयोगी पडली. रबाळेच्या ताई, हब मोजण्याची पद्धत आम्ही उद्याच करून पाहतो. फिटर काका, आणखी दोन शंका आहेत. गिअरबॉक्सचे मागचे टोक ३ अंश खाली झुकलेले आहे, तर पिनियन किती ठेवावा? आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग चढवलेले शॉकअप) २० अंश आत कलणार आहेत, त्यांची स्प्रिंग कशी निवडावी? दोन माणसांसह गाडी सुमारे ९०० किलोची होईल आणि वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे वाटले जाईल, असा आमचा हिशेब आहे.

जुना_फिटर

गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियनचा शाफ्ट बाजूने पाहता समांतर असले की पुढच्या क्रॉसने (युनिव्हर्सल जॉइंटने) निर्माण केलेला वेगातला चढउतार मागचा क्रॉस फेडून टाकतो. यासाठी प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहाती तुकडे) एका रेषेत असणेही आवश्यक आहे. तुमचा गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली असल्याने पिनियनचे नाक ३ अंश वर हवे, पण जोर लावल्यावर रबरी बुश दबून ते आणखी वर जाते, म्हणून उभ्या गाडीत २ अंशांवर ठेवा. वरच्या लिंकच्या टोकाला उजवे-डावे आटे दिले तर हा कोन नंतरही जुळवता येतो. क्रॉस अगदी शून्य कोनातही ठेवायचा नसतो, कारण मग त्याच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. शाफ्टचा सरकता योक नेहमीच्या उंचीवर पूर्ण आत टेकलेला नसावा, त्याला सुमारे २० मिमी मोकळे सोडा.

स्प्रिंगसाठी एक्सल आणि चाकांचे वजन वगळा. मागे ४५० किलो येतात, त्यातून सुमारे १०० किलो गेले की प्रत्येक बाजूला १७५ किलो उरतात. दर सेकंदाला दीड हेलकावा ही चाल ट्रॅक आणि आराम दोन्हींना बरी पडते, आणि त्यासाठी चाकापाशी प्रति मिमी साडेपंधरा न्यूटन कडकपणा लागतो. स्प्रिंग २० अंश कललेली असली की कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने तिचा परिणाम घटतो, म्हणून स्प्रिंग सुमारे साडेसतरा न्यूटनची, बाजारातल्या मापात प्रति इंच १०० पौंडाची घ्यावी. नुसत्या वजनाने ती सुमारे १०४ मिमी दबेल आणि पूर्ण उसळीला आणखी ७०, म्हणजे वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी किमान १७५ मिमी दबू शकणारी स्प्रिंग हवी. कल यापेक्षा वाढवू नका, ४५ अंशांना निम्मा कडकपणा वाया जातो.

शॉकअपचे वरचे कान रेलला एकेकटे न लावता दोन रेलना जोडणाऱ्या आडव्या नळीवर घ्या. कान पक्के करण्याआधी स्प्रिंग न चढवता मोकळा शॉकअप लावून एक्सल जॅकने अडणीच्या रबराला टेकेपर्यंत, आणि रबर पूर्ण दबल्यावर जितका वर जाईल तिथपर्यंत, उचलून पाहा. त्या टोकालाही शॉकअपच्या दांड्यात १० मिमी शिल्लक राहिले, तर कान तिथेच वेल्ड करायला हरकत नाही.