काकडआरतीनंतरचा ज्येष्ठमधाचा काढा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव (सी-१०१): सर्वांना नमस्कार 🙏 काकडआरतीला आज मंडप भरला होता. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे साडेपाचला असंच यावं ही विनंती. आरतीनंतरच्या काढ्यासाठी काकूंचे खूप आभार. आज पातेलं शेवटी खरवडावं लागलं.

बी-६०२ अण्णा: काकू, तुमच्या काढ्याने गळा मोकळा होतो. एवढ्या पहाटे भूपाळीचा वरचा सूर लागतो तो त्यामुळेच. मी आज तीन कप घेतले.

बी-३०४ काकू: आनंद आहे अण्णा. उद्या थोडा जास्त करते.

डी-७०३: एक विचारायचं होतं. मुलाने आइंडहोव्हनहून मसाला घातलेल्या ज्येष्ठमधाच्या चहाची पाकिटं पाठवली आहेत. तिकडे हा चहा किराणा दुकानात सर्रास मिळतो म्हणे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की यात ज्येष्ठमध आहे, रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी जास्त सेवन टाळावं. फोटो टाकते. आपण तर रोज पितोय. मला स्वतःला बीपीची गोळी आहे.

बी-५०१: अहो ताई, ज्येष्ठमध तर बाळगुटीत असतो. तान्ह्या बाळाला देतात. त्याने काय होणार?

सी-४०२: बरोबर. आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतात.

ए-२०२ मॅडम: मी तीस-एक वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधी वनस्पती शिकवल्या, आणि ज्येष्ठमध हा त्यातला माझा अतिशय लाडका विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाळगुटीचा मुद्दा आधी घेऊ. गुटीत ज्येष्ठमधाची कांडी सहाणेवर दुधात एक-दोन वेढे उगाळतात. बोटाला लागेल एवढंच गंध निघतं आणि त्यातही हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ अशा बाकीच्या वस्तूंचा वाटा असतो. आपण पातेल्यात मुळ्या उकळून कपाने पितो. आजीचं प्रमाण वेगळं होतं, आपलं वेगळं आहे. काकू, तुम्ही किती घालता ते सांगाल का? तक्रार मुळीच नाही, हिशोब करायचा आहे.

बी-३०४ काकू: सांगते की. चार लिटर पाणी. ज्येष्ठमध ४० ग्रॅम, काड्याच आणते, पूड नाही. रात्री खलबत्त्यात ठेचून भिजत घालते, म्हणजे पहाटे लवकर उतरतं. सुंठेचे दोन तुकडे, दालचिनी, सात-आठ लवंगा, मिरी, वेलची सालीसकट, मूठभर गवती चहा. पाणी उकळलं की आधी सुंठ-मिरी, दहा मिनिटांनी ज्येष्ठमध भिजवलेल्या पाण्यासकट, गवती चहा अगदी शेवटी झाकण ठेवून. गूळ घालत नाही, गरजच पडत नाही. जास्त उकळला तर मागून कडवट लागतो, म्हणून ज्येष्ठमध पडल्यावर आठ-दहा मिनिटांत गॅस बंद. चाळीस छोटे कप होतात.

ए-२०२ मॅडम: काकू, कृती फारच नेटकी आहे. काड्या आणता हे तर उत्तमच, कारण पुडीत काय काय मिसळलंय ते कळत नाही. काडी मोडून बघावी: बाहेर तपकिरी साल, लांबीच्या दिशेने सुरकुत्या, आत पिवळं आणि धागेदार. चावली की गोडी लगेच येत नाही, थोडी उशिरा येते आणि जिभेवर बराच वेळ राहते. आत काळं पडलेलं असेल किंवा किडीची भोकं असतील तर घेऊ नये. आपल्याकडे विकला जाणारा बराचसा माल अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून येतो, वखारीत पडून राहतो, त्यामुळे एवढं बघावंच लागतं.

आता ती गोडी कशाची? ग्लिसरायझिन नावाच्या घटकाची. साखरेच्या कितीतरी पट, साधारण पन्नास पट गोड. युरोपच्या औषधसंहितेत चांगल्या मुळीत ते किमान ४ टक्के असावं अशी अट आहे. काकूंच्या कपात साधारण १ ग्रॅम मुळी येते. त्यातलं सगळं ग्लिसरायझिन पाण्यात उतरलं असं धरलं तर एका कपात ४० मिलिग्रॅम. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये सांगितलेली मर्यादा आहे दिवसाला १०० मिलिग्रॅम, आणि तीही धडधाकट माणसासाठी. म्हणजे एक कप घेतला तर आपण आत आहोत. अण्णा, तीन कप घेतले तर बाहेर. त्यात तुम्ही दिवसभर काडी गालात धरून असता, ती वेगळीच.

डी-७०३: आणि हे पाकिटावरचं?

ए-२०२ मॅडम: तो तिथला कायदाच आहे. ज्या पेयात लिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लिसरायझिन आहे त्यावर रक्तदाबाची सूचना छापावी लागते. आपला काढा, वरच्याच हिशोबाने, लिटरला ४०० पर्यंत जातो. पातेल्यावर लेबल नसतं एवढंच. तुम्ही ते वाचून विचारलंत हे फार चांगलं केलंत.

सी-१०१ सचिव: मॅडम, पण बीपी वाढतो कसा? मसाल्याने की ज्येष्ठमधाने?

ए-२०२ मॅडम: ज्येष्ठमधाने. मसाल्यांचा यात दोष नाही. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सतत फिरत असतं. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचा हुकूम खरं तर अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने द्यायचा असतो, पण कॉर्टिसॉललाही तो देता येतो. म्हणून मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉलला तिथल्या तिथे निष्प्रभ करतं. ज्येष्ठमध नेमकं ते विकर दाबतो. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं, मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब चढतो, घोट्यांना सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा वाटतो. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडतात.

हे आजकालचं इंटरनेटवरचं नाही. १९४० च्या दशकात नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाचे डॉक्टर पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. अल्सरला आराम पडायचा, पण काही रुग्णांचे चेहरे आणि पाय सुजायला लागले. तिथून हा अभ्यास सुरू झाला. म्हणजे गुण आणि दोष दोन्ही एकाच वेळी समोर आले.

ए-४०१ डॉक्टर: मॅडमनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. ओपीडीत बसले होते, म्हणून थोडक्यात. लघवी होण्याच्या गोळ्या (बीपीच्या अनेक गोळ्यांत त्या मिसळलेल्या असतात, स्ट्रिपवर हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं बघा), डिगॉक्सिन (हृदयाचं औषध), स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर हा काढा रोज घेऊ नका. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनीही नाही. मात्र काढा थांबवायचा, बीपीची गोळी नाही. आणि महिनाभर रोज घेतला असेल तर बंद केल्यावर परिणाम ओसरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेवढे दिवस घरी बीपी मोजत राहा.

सी-२०४: डॉक्टर, माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. तिला खोकला झालाय म्हणून मी काल इथूनच थर्मासमध्ये नेला होता. काही होणार नाही ना?

ए-४०१ डॉक्टर: एका कपाने घाबरून जायचं कारण नाही काकू. पण यापुढे देऊ नका. कोमट पाणी, वाफ, मिठाच्या गुळण्या. खोकला राहिला तर तिच्या डॉक्टरांना दाखवा.

ए-२०२ मॅडम: फिनलंडमध्ये गरोदर बायकांना ज्येष्ठमध टाळायला सरकारी सल्ल्यातच सांगितलं जातं. तिथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या लोक फार खातात, त्यामुळे त्यांनी याचा बराच अभ्यास केला आहे.

सी-५०३ वॉटर कमिटी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी १० ते १ सी विंगची टाकी धुवायची आहे. पाणी भरून ठेवा.

डी-१०२ वैद्य काका: मी सकाळपासून वाचतोय. मॅडमशी सहमत आहे. यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमध, हे आमचं फार मोठं औषध. चरकाने मेध्य (बुद्धीला हितकर) रसायनांत त्याचं चूर्ण दुधाबरोबर सांगितलं आहे. स्वरासाठी, कोरड्या खोकल्यासाठी, आम्लपित्तासाठी मी स्वतः देतो. पण देताना प्रकृती बघतो, मात्रा ठरवतो, किती दिवस ते सांगतो. समोरच्याच्या पायावर सूज असेल तर देत नाही. काढ्याच्या पातेल्यातून सगळ्या सोसायटीला रोज एकच औषध पाजावं असं आयुर्वेद कुठेही म्हणत नाही. ‘आयुर्वेदिक आहे म्हणजे काही होत नाही’ या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो.

सी-४०२: काका, पटलं. माझं आधीचं वाक्य मागे घेतो.

बी-१०३: मधुमेहवाल्यांचं काय? गोड आहे पण साखर नाही, म्हणून मी मुद्दाम हाच पितो.

ए-४०१ डॉक्टर: साखरेच्या दृष्टीने ठीक. पण दादा, तुम्हाला बीपी पण आहे. तुमच्यासाठी नको.

बी-६०२ अण्णा: मग गाणाऱ्यांनी काय करायचं? आमच्या भजनी मंडळात सगळे साठीच्या पुढचे. निम्म्यांना बीपी. ज्येष्ठमध सोडला तर काकडा कसा होणार? आमचे बुवा कायम काडी तोंडात ठेवायचे.

ए-२०२ मॅडम: अण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडेल. घशाला ज्येष्ठमधाचा उपयोग होतो हे नुसतं ऐकीव नाही. ऑपरेशनसाठी भूल देताना घशात नळी घालतात, त्याने नंतर घसा फार दुखतो. लखनौ आणि व्हिएन्ना इथल्या भूलतज्ज्ञांनी रुग्णांना आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याची गुळणी करायला लावली. मात्रा किती? ३० मिलिलिटर पाण्यात फक्त अर्धा ग्रॅम. घसादुखी लक्षणीय कमी झाली. लक्षात घ्या, गुळणी. पिणं नाही. घशाला लागायचं ते लागतं आणि पाणी थुंकून टाकलं की पोटात जवळजवळ काही जात नाही.

तर काकडआरतीच्या आधी छोट्या वाटीत कोमट पाणी, त्यात चिमूटभर पूड किंवा ठेचलेली काडी भिजवून गाळलेलं पाणी. मान मागे टाकून मिनिटभर गुळणी, मग थुंकून टाका. आरतीनंतर पाहिजे तर परत. काडी दिवसभर चघळणं मात्र सोडा, कारण तो रस गिळलाच जातो.

बी-६०२ अण्णा: हे जमेल. काडी सोडणं जड जाईल, पण गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर वळ दिसतात, हे मी घरी कुणाला बोललो नव्हतो.

ए-४०१ डॉक्टर: अण्णा, आज संध्याकाळी सातला माझ्याकडे या. बीपी बघते आणि पोटॅशियमची रक्ततपासणी लिहून देते. गोळ्यांच्या स्ट्रिप बरोबर आणा. त्याआधी धडधड, चक्कर किंवा हातापायांत फार अशक्तपणा वाटला तर सातची वाट बघू नका, लगेच फोन करा.

बी-६०२ अण्णा: येतो डॉक्टर.

डी-७०३: मॅडम, मग तरुण मंडळींनी प्यावा की नाही? माझी मुलगी कॉल सेंटरला आहे, तिला हा चहा फार आवडतो.

ए-२०२ मॅडम: प्यावा की! घसा बसलाय, कोरडा खोकला आहे, थंडी आहे, तर एक कप, चार-पाच दिवस. तब्येत चांगली असेल तर मजेत प्या. ही वनस्पती चांगली आहे, हरभऱ्याच्या कुळातलं साधं झुडूप, आणि तिच्या मुळीने हजारो वर्षं लोकांचे घसे सांभाळले आहेत. मी तिच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. माझं म्हणणं एवढंच की हा रोजचा चहा नाही, आणि ज्यांना बीपी आहे त्यांच्या हातात न विचारता कप देऊ नये. मंडपात येणारे बहुतेक ज्येष्ठ आहेत, आणि आपल्याकडे प्रसाद म्हणून दिलेलं कुणी नाकारत नाही. डॉक्टरांनी नको सांगितलं असलं तरी माणूस ‘काकडआरतीचं आहे’ म्हणून पितो. म्हणून ही जबाबदारी पिणाऱ्यावर टाकता येणार नाही.

बी-३०४ काकू: मॅडम, हे शेवटचं फार पटलं. मी आता ठरवलं. उद्यापासून मोठ्या पातेल्यात ज्येष्ठमध नाही. सुंठ, वेलची, लवंग, बडीशेप, गवती चहा आणि चार तुळशीची पानं. बडीशेपेचा थोडा गोडवा येतोच. गुळाचे खडे बाजूला डब्यात ठेवते, ज्याला चालतात त्याने घ्यावेत. ज्येष्ठमधाचं पाणी वेगळ्या छोट्या कळशीत, गुळणीसाठी. बाहेर नळाजवळ ठेवू का?

सी-१०१ सचिव: हो, नळाजवळच बरं. मी पाटी लिहून लावतो: ‘ज्येष्ठमधाचे पाणी, फक्त गुळणीसाठी, पिऊ नये.’ मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय दिसेल असं.

बी-५०१: रात्रपाळीच्या वॉचमनदादांनाही सांगायला हवं. ते उरलेला काढा मोठा पेला भरून घेतात, आणि ते ग्रुपवर नाहीत.

सी-१०१ सचिव: मी आता खाली जाऊन सांगतो. त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं तेही विचारतो.

ए-४०१ डॉक्टर: रविवारी आरतीनंतर मशीन घेऊन मंडपात बसते. महिनाभर काढा घेतलेल्या सगळ्यांनी मोजून जा, वॉचमनदादांनी आणि सफाईच्या ताईंनीही. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मापताना बोलायचं नाही.

बी-३०४ काकू: घरात ज्येष्ठमध अजून पाव किलो आहे. ठेवू का? खराब होईल का?

ए-२०२ मॅडम: काड्या आहेत ना, मग होत नाहीत. एक दिवस उन्हात द्या आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. ओल लागली तर कीड पडते. गुळणीला रोज दहा ग्रॅम पुरेत.