मदत हवी: बॅच फाईल सकाळी रिकामे फोल्डर बनवते, दुपारी तीच फाईल नीट चालते

पट्टीवाला:

नमस्कार मंडळी. कळमना बाजारात एका आडतीवर हिशोबाचं काम पाहतो. संत्र्याचा सीझन सुरू आहे, त्यामुळे रोज ढिगानं हिशोबपट्ट्या निघतात. त्यांच्या पीडीएफ सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी करायला एक बॅच फाईल (कमांडा ओळीनं चालवणारी फाईल) केली आहे. विंडोज ११ आहे. टास्क शेड्युलर ती दिवसातून दोनदा चालवतो: सकाळचा लिलाव आटोपला की ९:१५ ला, आणि संध्याकाळी ६ ला.

संध्याकाळचा बॅकअप एकदम ओके. सकाळचा फोल्डर तयार होतो, त्यात शेतकऱ्यांच्या नावाचे सगळे सबफोल्डरही दिसतात, पण आत एकही पीडीएफ नाही. एरर काहीच नाही. जेवणानंतर मी हातानं डबल क्लिक करून पाहतो, तर सगळ्या फाईली बरोबर येतात! मालक म्हणतात कॉम्प्युटर सकाळी थंड असतो. नागपुरात थंड कॉम्प्युटर म्हणजे काय ते त्यांनाच माहीत.

मोबाइलवरून लिहून राहिलो, म्हणून कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. फाईलमध्ये अर्थात इंग्रजीतच आहेत.

@इको ऑफ
सेट तारीख=%डेट:~६,४%%डेट:~३,२%%डेट:~०,२%
सेट वेळ=%टाइम:~०,२%%टाइम:~३,२%
रोबोकॉपी सी:\आडत\पट्ट्या डी:\बॅकअप\%तारीख%_%वेळ% /ई
इफ एररलेव्हल १ इको बॅकअप फसला
सेट /ए काल=%डेट:~०,२%-१
इफ नॉट एक्झिस्ट डी:\बॅकअप\%तारीख:~०,६%%काल%_* इको कालचा बॅकअप सापडला नाही
पॉज

अजून एक भानगड. महिन्याच्या सुरुवातीला "कालचा बॅकअप सापडला नाही" असं दाखवते, फोल्डर डोळ्यांसमोर असला तरी. ११ तारखेपासून आपोआप सुधरते. हे काहून होऊन राहिलं, कोणी सांगेल का?

गांधीबाग_गल्ली:

अँटीव्हायरस बंद करून पाहा. नाहीतर फाईल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. माझं तर ९० टक्के वेळा त्यानंच काम होते.

पट्टीवाला:

ॲडमिनिस्ट्रेटर करून झालं भाऊ, तेच. आणि अँटीव्हायरसला सकाळचं नि दुपारचं काय पडलं?

काळीखिडकी:

अँटीव्हायरसला हात लावू नका. "फक्त सकाळी" हाच धागा पकडा. @इको ऑफ काढून टाका आणि रोबोकॉपीच्या आधी ही ओळ घाला:

इको [%वेळ%]

चौकोनी कंस मुद्दाम आहेत. उद्या सकाळी १० च्या आत काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) हातानं चालवा आणि कंसात काय येते ते जसंच्या तसं इथे टाका. डबल क्लिकवर कधी भरवसा ठेवू नका. पॉजपर्यंत पोचायच्या आत स्क्रिप्ट मेली तर खिडकी बंद होते आणि कारणही तिच्याबरोबर जाते.

पट्टीवाला:

आज ९:२२ ला चालवली. हे आलं:

[ ९२२]

कंसानंतर एक जागा मोकळी सुटली आहे. ही कुठून आली?

काळीखिडकी:

सापडला चोर. %टाइम% दुपारी १४:०५ असं देते, पण १० वाजायच्या आधी तासाच्या दशकस्थानी शून्य न देता मोकळी जागा देते. म्हणून तुमचे पहिले दोन अक्षर म्हणजे एक स्पेस आणि एक ९. तुमच्या पाथला, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याला, अवतरणचिन्हंही नाहीत, त्यामुळे रोबोकॉपीला (फाईली कॉपी करणारी कमांड) ओळ अशी दिसली:

रोबोकॉपी सी:\आडत\पट्ट्या डी:\बॅकअप\२०२५११०७_ ९२२ /ई

स्पेसपाशी पाथ संपला. पुढचं ९२२ तिनं तिसरा शब्द म्हणून घेतलं, आणि रोबोकॉपीत तिसरा शब्द म्हणजे कोणत्या नावाच्या फाईली कॉपी करायच्या ते. "९२२" नावाची फाईल तुमच्याकडे नाही, म्हणून शून्य फाईली. /ई दिल्यामुळे रिकामे सबफोल्डर मात्र इमानेइतबारे बनवले. सांगितलं तेवढं तिनं केलं, मग एरर कशाची येणार? इथे एक्सकॉपी ही कॉपीची दुसरी कमांड असती तर "इनव्हॅलिड नंबर ऑफ पॅरामीटर्स" म्हणून लगेच बोंबलली असती, आणि तुमचे एवढे दिवस वाचले असते.

डी:\बॅकअप मध्ये पाहा, सकाळच्या सगळ्या फोल्डरांची नावं अंडरस्कोरवर संपत असतील. उपाय: वेळेच्या ओळीखाली ही एक ओळ,

सेट वेळ=%वेळ: =०%

म्हणजे असेल ती स्पेस शून्यानं बदल. आणि दोन्ही पाथ अवतरणचिन्हांत घाला. फक्त बंद होणाऱ्या अवतरणाच्या आधी उलटी तिरपी रेघ सोडू नका. "डी:\बॅकअप\" असं लिहिलं की रोबोकॉपी ते अवतरण पाथचाच भाग समजते आणि पुढची अख्खी ओळ गिळते.

पट्टीवाला:

बाप्पा! खरंच सगळी नावं अंडरस्कोरवर संपून राहिली. हे रोज पाहत होतो, पण नावात काही असेल असं डोक्यातच आलं नाही. ओळ टाकली.

मिहानवाली:

काल आणि आजचा घोळ राहिलाच की. आज ७ तारीख ना? मग उद्या आणि परवा ती सेट /ए वाली ओळ नीट वाचा, संदेश वेगळा येईल.

पट्टीवाला:

ताई, तुम्हाला कसं कळलं? आज ८ तारीख, आणि हे आलं: "इनव्हॅलिड नंबर. न्यूमरिक कॉन्स्टंट्स आर आयदर डेसिमल (१७), हेक्साडेसिमल (०एक्स११), ऑर ऑक्टल (०२१)." त्याच्या खाली नेहमीचं "कालचा बॅकअप सापडला नाही".

मिहानवाली:

भाऊ, तुमच्या त्या एका ओळीत तीन वेगवेगळ्या चुका राहतात, म्हणून ती तारखेप्रमाणे रंग बदलते.

पहिली. सेट /ए ला शून्यानं सुरू होणारा आकडा दिसला की ती तो अष्टमान पद्धतीचा धरते. त्या पद्धतीत अंक ० ते ७ एवढेच. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून ७ तारखेपर्यंत काही कळत नाही. ०८ आणि ०९ हे आकडेच तिच्या हिशोबात नाहीत. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये महिन्याच्या आकड्यावर हिशोब करणाऱ्या स्क्रिप्टाही याच खड्ड्यात जातात, आणि ऑक्टोबर लागला की लोक विसरून जातात.

दुसरी. वजाबाकीचं उत्तर ६ येते, ०६ नाही. फोल्डरच्या नावात ०६ आहे. म्हणून २ ते १० तारखेपर्यंत तुमची तपासणी चुकीचं नाव शोधून राहिली.

तिसरी, १ तारखेला उत्तर शून्य. ० नोव्हेंबर कोणत्या कॅलेंडरात असते?

पहिल्या दोघींना जुनी युक्ती आहे: तारखेच्या पुढे १ चिकटवा, म्हणजे १०८ होतील, मग १०० वजा करून ८ मिळवा आणि त्यातून कालसाठी १ वजा करा; नंतर पुढे शून्य लावून शेवटचे दोन अंक घ्या. पण तिसरीसाठी महिन्याचे दिवस, लीप वर्ष, सगळं बॅचमध्ये लिहावं लागेल. मी म्हणते कशाला? पॉवरशेल, म्हणजे बॅचपेक्षा ताकदवान कमांडा चालवणारं साधन, तुमच्या विंडोजमध्ये आधीपासूनच आहे:

फॉर /एफ %%क इन ('पॉवरशेल -नोप्रोफाईल -कमांड "(गेट-डेट).ॲडडेज(-१).टूस्ट्रिंग(वायवायवायवायएमएमडीडी)"') डू सेट काल=%%क

कंसातला तो फॉरमॅट एकेरी अवतरणांत घाला, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी काढली. महिन्याचे एम कॅपिटल, मिनिटांचे स्मॉल, तिथे हमखास गडबड होते. आता पूर्ण तारीख मिळाल्यावर शेवटच्या तपासणीत नुसतं %काल%_* पुरे.

आजची तारीख-वेळही अशीच काढली तर सकाळच्या स्पेसचा प्रश्नच उरत नाही. शिवाय %डेट% चा क्रम विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरतो. उद्या कोणी कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि सेटिंग अमेरिकेचं राहिलं, तर तुमचे ते ६,४ आणि ३,२ भलतेच तुकडे कापतील.

गांधीबाग_गल्ली:

एवढं करण्यापेक्षा डब्ल्यूएमआयसी या विंडोजच्या जुन्या कमांडनं तारीख घ्या ना, एका ओळीत होते.

मिहानवाली:

मायक्रोसॉफ्टनं ते २०२१ मध्येच मोडीत काढलं, आणि नव्या विंडोज ११ वर ते मिळेलच असं नाही. जुन्या मशीनवर चालत असेल तर चालू द्या, नवीन स्क्रिप्टमध्ये घालू नका.

पट्टीवाला:

दोन्ही जमून गेलं. आज ९ तारीख, सकाळी ९:१५ चा बॅकअप भरलेला आहे आणि कालचा सापडला. पण आता "बॅकअप फसला" असं येऊन राहिलं! फाईली तर सगळ्या आहेत, मोजून पाहिल्या. शेड्युलरमध्ये पण पॉजमुळे टास्क "रनिंग" दाखवत राहतो.

काळीखिडकी:

ही रोबोकॉपीची उलटी रीत. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देते, तोच एररलेव्हल. बाकीच्या कमांडा त्यात शून्याला यश आणि बाकी सगळ्याला अपयश म्हणतात. रोबोकॉपीत ० म्हणजे कॉपी करायला काही नव्हतं, १ म्हणजे फाईली कॉपी झाल्या. ८ किंवा वर आलं तरच काहीतरी राहिलं समजा. आणि "इफ एररलेव्हल १" चा अर्थ "१ किंवा जास्त" असा होतो, म्हणून संध्याकाळच्या चांगल्या बॅकअपलाही ही ओळ तेच म्हणत असणार. खिडकी कोणी पाहिली नाही एवढंच. तिथे असं करा:

इफ एररलेव्हल ८ इको %तारीख% फसला >> डी:\बॅकअप\चुका.टीएक्सटी

पॉज काढा, पाहायला समोर कोणी नसताना कशाला हवा. शेवटी एक्झिट /बी ० टाका, नाहीतर शेड्युलर १ पाहून टास्क फसल्याचं दाखवेल. पण ८ किंवा वर आलं तर ते शून्य देऊ नका, तो आकडा तसाच बाहेर जाऊ द्या. शेड्युलरच्या "स्टार्ट इन" रकान्यात स्क्रिप्टचा फोल्डर लिहा, आणि त्या एका रकान्यात अवतरणं घालू नका, तिथे ती चालत नाहीत.

हो, आणि कोणी /ई ऐवजी /मिर वापरा म्हटलं तर थांबा. बॅकअप रोज एकाच फोल्डरात घेत असलात, तर सी वरून चुकून उडालेली पट्टी /मिर डी वरूनही उडवते.

पट्टीवाला:

मालकांना /मिर आवडलं असतं, त्यांना डी ड्राइव्ह "भरून राहिला" याचीच जास्त काळजी. त्यांना सांगत नाही. एक्झिटची ओळ आज संध्याकाळच्या ६ च्या आत टाकतो, आणि चुका.टीएक्सटी मध्ये काही आलं तर इथेच लिहितो.