रक्तात न पोहोचणारं औषध

वर कुणीतरी लिहिलंय की हुआंगलियन या चिनी औषधी मुळीतलं बर्बेरिन हे द्रव्य तोंडाने घेतलं तर 1 टक्काही रक्तात पोहोचत नाही, म्हणजे ते निरुपयोगी. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. जुलाबावर देताना ते आतड्यातच राहायला हवं, कारण काम तिथेच आहे!

शिवाय ते नुसतं पडून राहत नाही. आतड्याच्या पेशी आत शिरलेलं बर्बेरिन पुन्हा बाहेर ढकलतात, पण तिथले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन हे बदललेलं रूप करतात. ते सहज शोषलं जातं आणि आत गेल्यावर पुन्हा बर्बेरिन होतं. जिवाणूंवर अवलंबून असलेलं दुसरं औषध दाहुआंग, म्हणजे चिनी रेवंदचिनी. तिच्यातली सेनोसाइड्स ही द्रव्यंही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी फोडल्यावरच रेचक ठरतात. आपल्या सोनामुखीचंही अगदी तसंच.

हुआंगलियन आणि हुआंगचिन ही दुसरी चिनी औषधी मुळी एकत्र उकळून काढा निवू द्या, तळाशी पिवळा गाळ बसतो. बर्बेरिन आणि हुआंगचिनमधलं बायकालिन एकमेकांना धरून खाली बसतात. तो गाळून टाकला की औषधाचा मोठा भाग गेला.

आणि कळकळीने सांगते, शोषण कमी म्हणजे धोका नाही असं समजू नका. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर बर्बेरिनमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते. डॉक्टरांना आधी सांगा.