सात मिनिटांची कार्टून्स: मक्तेदारीची देणगी की माणसांची करामत?

शाईदौत

मुद्दा सरळच मांडतो. १९२८ च्या 'स्टीमबोट विली'पासून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हॉलिवूडने थिएटरसाठी जी सहा-सात मिनिटांची कार्टून्स काढली, त्यांचं सगळं श्रेय आपण चक जोन्स, टेक्स एव्हरी, फ्रिझ फ्रेलेंग, हॅना-बार्बेरा अशा चार-सहा दिग्दर्शकांच्या नावांना देऊन मोकळे होतो. माझ्या मते ही कार्टून्स मोठ्या स्टुडिओंच्या मक्तेदारीची देणगी आहेत.

तेव्हा पॅरामाउंट, वॉर्नर, एमजीएमची मालक कंपनी लोव्ज यांच्या मालकीची थिएटरं होती. बाकीच्या थिएटरवाल्यांना ते चित्रपट गठ्ठ्याने विकायचे. गाजणारा एक चित्रपट हवा असेल तर सोबत पडेल चित्रपटही घ्या, आणि बातमीपट, कार्टून हेही घ्या. यालाच ब्लॉक बुकिंग म्हणत. त्यामुळे कार्टून खपेल का, ही चिंता बनवणाऱ्याला नव्हतीच. वॉर्नरला कार्टून्स पुरवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरला माल वेळेवर आणि ठरलेल्या खर्चात हवा असे. आत काय आहे यात त्याने फारसं लक्ष घातलं नाही. आपण ज्याला त्या कलाकारांचं स्वातंत्र्य म्हणतो ते इथून आलं.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात ही पद्धत मोडली. स्टुडिओंना थिएटरं विकावी लागली, ब्लॉक बुकिंग बंद झालं. पुढे टीव्ही आला. खर्च वाढत गेला, कार्टूनचं भाडं मात्र त्या मानाने वाढलं नाही. एमजीएमने १९५७ मध्ये कार्टून विभाग बंद केला, कारण जुनीच कार्टून्स पुन्हा लावून चांगले पैसे मिळत होते. वॉर्नरने १९६३ मध्ये टाळं लावलं.

एमजीएममध्ये हॅना आणि बार्बेरा यांनी 'टॉम अँड जेरी'ची ११४ कार्टून्स केली, सात ऑस्कर मिळवली. विभाग बंद झाल्यावर हीच जोडी टीव्हीकडे गेली आणि तिथे तोंड हलतंय, अंग स्थिर आहे, अशी चित्रं करू लागली. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, कारण त्या रेषेच्या वरचं डोकं तेवढं नव्याने काढलं की भागायचं. हात तेच, डोकी तीच. बदलली ती बाजारपेठेची हमी. यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

तिसरी_घंटा

पुरावा अर्धाच दिलात. तीच हमी इतरांनाही होती, त्यांचं काय झालं ते सांगा.

टेरीटून्स या स्टुडिओची कार्टून्स वर्षानुवर्षं फॉक्समार्फत थिएटरांत लागत होती. आज त्यातली किती कार्टून्स कुणी आवडीने शोधून बघतं? आणि परक्या स्टुडिओत जायचीही गरज नाही. वॉर्नरकडेच १९३३ ते १९३५ मध्ये 'बडी' नावाचं पात्र होतं. श्लेसिंगर तोच, गठ्ठ्यात विकायची पद्धत तीच. 'बडी'ची कार्टून्स मी बघितली आहेत. गोड हसणारा एक मुलगा, त्याला स्वभाव नाही, रागलोभ नाही, काही हवंनकोसं नाही. १९३५ मध्ये टेक्स एव्हरी आला. जोन्स आणि बॉब क्लॅम्पेटसारखी पोरं हाताशी घेऊन स्टुडिओच्या आवारातल्या एका मोडक्या लाकडी बंगल्यात बसला. वाळवीमुळे त्या जागेला ते 'टर्माइट टेरेस' म्हणायचे. पाच वर्षांत, १९४० मध्ये, 'अ वाइल्ड हेअर' आलं. रोखलेल्या बंदुकीसमोर गाजर चावत निवांत उभा राहणारा ससा, बग्ज बनी. या पाच वर्षांत थिएटरवाल्यांशी असलेला करार बदललेला नव्हता. माणसं बदलली होती.

दुसरं, तुमच्या तारखा तुमच्याच विरोधात जातात. निकाल १९४८ चा. 'डक अमक' १९५३ चं, 'वन फ्रॉगी इव्हनिंग' १९५५ चं आणि 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' १९५७ चं. जोन्सचं सर्वोत्तम काम मक्तेदारी मोडल्यानंतरचं आहे. त्या शेवटच्या कार्टूनला ठरलेला वेळ पुरणार नव्हता, तेव्हा त्याच्या चमूने जादा तास 'रोड रनर' मालिकेच्या कामावर दाखवले, असं जोन्सने स्वतः सांगून ठेवलंय. स्टुडिओने दिलं म्हणून नव्हे, स्टुडिओपासून लपवलं म्हणून ते झालं. याला देणगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शाईदौत

@तिसरी_घंटा, तास लपवायला आधी पगारी तास असावे लागतात! जोन्सकडे पटकथेला मायकल मल्टीज, पार्श्वभूमीच्या आराखड्याला मॉरिस नोबल, आवाजाला मेल ब्लँक हे सगळे वर्षानुवर्षं एका छपराखाली होते. अशी टोळी एकत्र मुरते ती नियमित कामामुळे.

आणि संगीत विसरू नका. वॉर्नरने १९२९ मध्ये विटमार्क ही संगीत प्रकाशनसंस्था विकत घेतली. 'मेरी मेलडीज' ही मालिका सुरू झालीच मुळी वॉर्नरच्या मालकीची गाणी लोकांच्या कानावर घालायला. म्हणून संगीतकार कार्ल स्टॅलिंगला हवं ते गाणं हक्काच्या कटकटीशिवाय वापरता यायचं आणि ते वाजवायला मोठ्या चित्रपटांचा वाद्यवृंद तयार असायचा. सात मिनिटांच्या कार्टूनसाठी कुणी वेगळा वाद्यवृंद उभा केला असता का? सशामागे लागलेला शिकारी एल्मर फड दबकत चालायला लागला की प्रत्येक पावलाला जो स्वर पडतो, त्यामागे एका अवाढव्य कंपनीची सगळी यंत्रणा आहे.

पन्नासच्या दशकातल्या कामाबद्दल: निकाल आला म्हणजे दुसऱ्या दिवशी यंत्रणा बंद पडत नाही. थिएटरं विकायलाच कित्येक वर्षं गेली. १९५३ मध्ये वॉर्नरने थ्रीडीच्या लाटेत कार्टून विभाग काही महिने बंद ठेवलाच होता. तुम्ही सांगता ती रत्नं जुन्या शिलकीवर झाली.

पाणचक्की

दोघंही वॉर्नर, वॉर्नर करताय. डिस्नेच्या मालकीचं एकही थिएटर नव्हतं. तो स्वतंत्र निर्माता होता. वितरणासाठी आधी कोलंबिया, मग युनायटेड आर्टिस्ट्स, मग आरकेओ. तरी १९३२ च्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'पासून १९३९ च्या 'द अग्ली डकलिंग'पर्यंत कार्टूनचं ऑस्कर प्रत्येक वर्षी त्यालाच मिळालं. हे कशामुळे?

शिकवण्यामुळे. १९३२ पासून डॉन ग्रॅहम स्टुडिओत येऊन चित्रकारांचे वर्ग घ्यायचे. जिवंत माणसं, प्राणी समोर ठेवून रेखाटन. वजन कसं दाखवायचं, उडी मारण्याआधी अंग कसं आकसतं, थांबल्यावर झगा कसा मागून येतो. आज जगातल्या कुठल्याही अॅनिमेशन वर्गात हेच शिकवतात. 'द ओल्ड मिल' बघा, १९३७ चं. त्यात विनोद नाही, नायक नाही. एक जुनी पवनचक्की, तिच्यात राहणारे पक्षी आणि वटवाघळं, आणि एका रात्रीचं वादळ. चित्रांचे थर वेगवेगळ्या अंतरावर ठेवून वरून टिपणारा मल्टिप्लेन कॅमेरा डिस्नेने त्यात पहिल्यांदा वापरला. एव्हरीचा लांडगा डोळे बाहेर काढतो ते मलाही आवडतं, पण त्याला मोडायला नियम डिस्नेने दिले. आधी कुणीतरी शरीराचं वजन दाखवायला शिकवलं, म्हणून पुढे कुणाला ते हवेत लटकवता आलं.

शाईदौत

@पाणचक्की, 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' तीन रंगांच्या टेक्निकलरमधलं. त्या प्रक्रियेचा कार्टूनसाठीचा हक्क १९३५ पर्यंत एकट्या डिस्नेकडे होता. बाकीच्यांना तोवर दोन रंगांवर भागवावं लागलं. ही मक्तेदारीच झाली, फक्त थिएटरची नव्हे, रंगांची.

रंगपेटी

इथवर सगळं वाचलं. श्रेय मालकाला की दिग्दर्शकाला, यावर तुमचं भांडण चाललंय. चित्रं कुणी काढली?

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी. सात मिनिटांच्या १०,०८०. एकेक चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी पाचेक हजार. पात्रं दोन असतील तर त्याहून जास्त. यातलं प्रत्येक चित्र पारदर्शक सेलवर शाईने गिरवायचं, उलटून मागून रंग भरायचा, वाळवायचं, पुसायचं. हे काम मुख्यतः बायका करायच्या. डिस्नेकडून १९३८ मध्ये एका अर्जदार तरुणीला गेलेलं पत्र आता सर्वांना माहीत आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कार्टूनमधलं सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. @पाणचक्की, डॉन ग्रॅहमच्या वर्गाचं मोल मला कळतं. पण त्याचं दार कुणासाठी उघडं होतं हेही सांगायला हवं. त्याच काळात न्यूयॉर्कला फ्लायशर स्टुडिओत लिलियन फ्रीडमन अॅनिमेटर म्हणून काम करत होत्या, म्हणजे बायकांना जमत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

संपाबद्दल तर कुणी अक्षर काढलेलं नाही. १९३७ मध्ये, 'पॉपाय' आणि 'बेटी बूप' जिथे बनायची त्या फ्लायशरमध्ये महिनोनमहिने संप चालला. पुढच्या वर्षी स्टुडिओ थेट मायामीला हलला. मे १९४१ मध्ये डिस्नेत संप झाला. त्याची ठिणगी म्हणजे गूफीला चाल देणाऱ्या आर्ट बॅबिटला युनियनचं काम केलं म्हणून कामावरून काढणं. शाईदौत ज्याला 'बाजारपेठेची हमी' म्हणतात ती मालकाला होती. सेल रंगवणारीला कसली हमी होती?

उंबरठा

'आत काय आहे यात कुणी लक्ष घातलं नाही' याची दुसरी बाजूही लिहा. १९४३ चं क्लॅम्पेटचं 'कोल ब्लॅक अँड डे सेबेन ड्वार्फ्स' बघा. हालचालीचा वेग, जॅझ, रेषेतली मस्ती, सगळं आहे. आणि प्रत्येक कृष्णवर्णीय चेहरा म्हणजे जाड ओठांची टवाळी. १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नरची अशी ११ कार्टून्स वितरणातून काढून घेतली. 'टॉम अँड जेरी'मधली, बहुतेक वेळा फक्त पाय दिसणारी कामवाली बाई आठवते ना? तिच्यावर त्या काळातच आक्षेप घेतले गेले होते. पुढे टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी स्त्री काढली, आवाज बदलले. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी टीव्हीवर बदललेल्या आवृत्त्याच पाहिल्या असतील.

थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला हे मुख्य चित्रपटासोबत आपोआप मिळत होतं, त्याने निवडलेलं नव्हतं. कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणारी थिएटरंही होती. तिथे बसून हे बघणाऱ्याला काय वाटलं असेल? श्रेय कुणाचं हे ठरवताय, तर दोषही त्याच्याच खात्यावर मांडा. मला तो मालक आणि दिग्दर्शक दोघांचा वाटतो.

तिसरी_घंटा

@उंबरठा, मान्य, आणि म्हणूनच कापाकापी मला पटत नाही. पाय पुसून टाकले की टवाळी झालीच नव्हती असं होतं. वॉर्नरने नंतर डीव्हीडीवर सुरुवातीला निवेदन घालून कार्टून्स न कापता दिली, तो मार्ग बरा.

@शाईदौत, तुमच्या हमीच्या सिद्धांताची परीक्षा आपल्याकडे होऊन गेली आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट आणि बातमीपट प्रत्येक थिएटरला कायद्याने दाखवावेच लागायचे. याहून पक्की हमी जगात कुणाला मिळाली असेल? १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हे डिस्नेचे अॅनिमेटर तिथल्या कार्टून विभागात शिकवायला आले. १९५७ मध्ये 'द बनियन डीअर' तयार झालं, राम मोहन यांच्यासारखा माणूस त्या विभागात घडला. पडदा हमखास, शिक्षक डिस्नेचा, चित्रकार गुणी. मग आपला बग्ज बनी कुठे आहे?

शाईदौत

फार चांगलं उदाहरण दिलंत, पण ते माझ्या बाजूने लागतं. फिल्म्स डिव्हिजनमध्ये विषय सरकार ठरवायचं. कुटुंबनियोजन, बचत, राष्ट्रीय एकात्मता. तिथे हमी होती आणि वरून नजरही होती. श्लेसिंगरकडे हमी होती आणि नजर नव्हती. मला मक्तेदारीतून आलेली ही बेपर्वाई म्हणायची आहे. पैसा आपोआप येतोय, मग चित्रात ससा बाईचा वेश घालतो का लांडगा टेबलावर डोकं आपटतो, मालकाला काय फरक पडतो?

तिसरी_घंटा

बेपर्वाई टेरीटून्सलाही होती! 'बडी'च्या काळात श्लेसिंगरलाही होती! हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

रंगपेटी

आणि पैसा आटला की चित्र मरतं, हे कुणी सिद्ध केलं? १९४१ च्या संपानंतर डिस्नेतून बाहेर पडलेल्यांपैकी काही जणांनी यूपीए ही कार्टून कंपनी उभी केली. जॉन हबली त्यांच्यातलेच. १९५० मध्ये त्यांचं 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' आलं, दिग्दर्शक बॉब कॅनन. एक मुलगा, शब्दांऐवजी त्याच्या तोंडून नुसते आवाज निघतात. पार्श्वभूमी म्हणजे रंगाचा एक सपाट पट्टा, त्यावर दोन रेषांची खुर्ची. मुलाचा मूड बदलला की पट्ट्याचा रंग बदलतो. बापाला कळत नाही की याचं करायचं काय, आणि तो एकटेपणा त्या रिकाम्या जागेतूनच जाणवतो. मोजकी हालचाल, आणि ऑस्कर. मक्तेदारी मोडल्यानंतर, ज्यांना स्टुडिओने नकोसं केलं त्यांच्या हातून. योगीच्या टायवरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो इथे लागू करून दाखवा.

शाईदौत

जेराल्ड थिएटरांत पोचला तो कोलंबियाच्या वितरणामुळे. यूपीएला आधी कोलंबियाशी करार करावा लागला, तेव्हा कुठे पडदा मिळाला.

तिसरी_घंटा

कोलंबियाच्या मालकीची थिएटरं नव्हती.

शाईदौत

थिएटरं नव्हती, ब्लॉक बुकिंग होतं. १९४८ च्या खटल्यात कोलंबियाही प्रतिवादी होतीच.

रंगपेटी

होती. आणि निकाल १९४८ चा, जेराल्ड १९५० चा. थिएटरवाल्यावर गठ्ठ्याची सक्ती उरली नव्हती, तेव्हा त्याने तो मुलगा लावला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. तिथे तुमची हमी कामाला आली नाही.