रानात एकट्याने राहायच्या गोष्टी: यात एकटेपण किती आणि किराणा किती?

गवतीचहा

गेल्या शनिवारी भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाल्यावर त्याने ‘इन्टू द वाइल्ड’ लावला, शॉन पेनचा, २००७ चा. मी पूर्वी पाहिलाय, तेव्हा चांगला भारावलोही होतो. या वेळी शेवटाकडे चिडचिड व्हायला लागली. संपल्यावर भाचा म्हणतो, “मामा, पावसाळ्यात मी एकटा हरिश्चंद्रगडावर चार दिवस राहणारे. फोन बंद करून.” त्यावर बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सिनेमा मीच काढलाय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ख्रिस मॅककँडलेस, खाऊनपिऊन सुखी घरातला पदवीधर मुलगा. शिलकीतले पैसे दान करून घर सोडलं, दोन वर्षं भटकला आणि एप्रिल १९९२ मध्ये अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेलवरून रानात शिरला. बरोबर दहा पौंड तांदूळ, एक हलकी रायफल आणि पुस्तकं. रानात एक टाकून दिलेली बस होती, तिच्यात राहिला. जुलैत परत निघाला, तर येताना आरामात ओलांडलेली टेक्लानिका नदी फुगलेली. मुकाट बसकडे परतला. ऑगस्टमध्ये गेला. सप्टेंबरात शिकाऱ्यांना सापडला तेव्हा वजन ६७ पौंड, म्हणजे जेमतेम ३० किलो. वय २४. जॉन क्राकाउअरचं पुस्तक १९९६ चं, सिनेमा त्यावरून.

आता माझा आक्षेप. तो जिथून मागे फिरला तिथून मैलभराच्याही आत, नदीच्या खालच्या अंगाला, तारेवरून हाताने ओढत न्यायचा पाळणा होता. साधा तपशीलवार नकाशा असता तर त्याला कळलं असतं. पुस्तकात हे आहे. पण अडीच तास सिनेमा बघून उठलेल्या भाच्याला पाळण्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या डोक्यात काय राहिलं? गाणी, डोंगर आणि बसच्या टपावर बसलेला देखणा पोरगा.

याउलट डिक प्रोएनेके. हाही अलास्कातच, ट्विन लेक्सच्या काठी. १९६८ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, लाकडाची खोपी स्वतःच्या हातांनी बांधली आणि अधूनमधून बाहेर येत-जात तीसेक वर्षं तिथे काढली. कुऱ्हाड-करवतीची नुसती पाती नेली आणि दांडे तिथल्या लाकडाचे केले, कारण ओझं वाचतं. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडी. त्याच्याच चित्रणातून पुढे ‘अलोन इन द वाइल्डरनेस’ हा माहितीपट झाला. आता तो एकटा चालत लांब निघून जातो ते दृश्य बघा. कॅमेरा तिवईवर लावून, चावी देऊन, हा चालत गेला. म्हणजे तेवढंच अंतर परत येऊन त्याला कॅमेरा बंद करावा लागला असणार! आणि किराणा-टपाल घेऊन विमान यायचं, ते त्याने लपवलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या प्रकारात रान दाखवतात आणि दुकान कापतात. प्रोएनेके कापत नाही म्हणून तो मला पटतो. बाकीच्यांनी पोरांच्या डोक्यात भलतं भरलं आहे.

रात्रपाळी

तीव्र असहमत.

मी २३ वर्षांचा असताना तो सिनेमा पाहिला. पहाटे चारला कंपनीची गाडी सोडायची, मग दिवसभर खिडक्यांना चादरी लावून झोप. आठवड्यात एकदा ऊन दिसायचं. मी काही अलास्काला गेलो नाही. नोकरीही सोडली नाही लगेच. पण आपण हे सोडू शकतो, एवढं पहिल्यांदा वाटलं. तुम्ही सिनेमाकडून पाण्याचा फिल्टर आणि नकाशा यांची यादी मागताय. ती ट्रेकच्या ग्रुपवर मिळते.

आणि क्राकाउअरने आरती ओवाळलेली नाही. स्वतः तरुणपणी डेव्हिल्स थंबवर एकटा चढायला गेला आणि थोडक्यात वाचला, ते त्याने पुस्तकात मध्येच घातलंय. तो सांगतो की मी वाचलो यात शहाणपण कमी आणि नशीब जास्त. हे वाचून मला मॅककँडलेस मूर्ख वाटेनासा झाला. पोरगा शेवटी परत निघाला होता हो! हे सगळेच विसरतात. त्याने पुस्तकाच्या समासात लिहून ठेवलं होतं की सुख वाटून घेतलं तरच खरं. ज्याला हे कळलं त्याला तुम्ही पाळण्यावरून झोडताय.

हिशेबनीस

कळलं, पण नदीपलीकडे कळलं असतं तर बरं झालं असतं. धागाकर्त्याला +१.

चुलबंदकाठ

मी भंडाऱ्याचा. या गोष्टीत आमच्याकडची एक डाळ येते म्हणून लिहितो.

सिनेमात दाखवलंय की त्याने एक झाड दुसरं समजून खाल्लं. क्राकाउअरला ते पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, झाड त्याने बरोबर ओळखलं होतं, पण त्या रानबटाट्याच्या बियाच घातक होत्या. नेमकं विष कोणतं यावर त्याने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. २०१३ मध्ये त्याने एका अभ्यासकाच्या आधाराने मांडलं की ते ओडीएपी असावं. ते वाचून मी उडालोच. ओडीएपी म्हणजे आमच्या लाखोरीतलं! लाख म्हणा, लाखोळी म्हणा, हिंदीत खेसारी. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोरी फेकतात, धान कापलं की ओलीवर ती उठते. उतेरा म्हणतात त्याला. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण होतं. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली ती याच विषामुळे.

आमच्या आजीने आयुष्यभर खाल्ली, तिला काही झालं नाही. कारण तिच्या ताटात भात होता, पालेभाजी होती, कधी मासळी होती. दुष्काळात ज्यांच्या पोटात महिनोन्‌महिने ती एकटीच गेली, त्यांचे पाय ताठले, काठीशिवाय चालता येईना. पुढे तपासणीत त्या अलास्काच्या बियांत ओडीएपी निघालं नाही, कॅनाव्हनीन नावाचं दुसरं काही निघालं, आणि इतर जाणकार म्हणतात की उपासमार हेच खरं कारण. ते काहीही असो. मला यात दिसतं ते असं की बी तेच असतं, पण ते एकटं खाल्लं की मारतं. शेजारी असते तर कोणीतरी म्हटलं असतं, अगा, हे नुसतं नाही खात रे बाप्पा.

गवतीचहा

चुलबंदकाठ, हे निव्वळ अफलातून आहे. धागा काढल्याचं सार्थक.

रात्रपाळी, पोरगा परत निघाला होता हा मुद्दा मान्य. पण मग सिनेमाच्या जाहिरातीत परत निघालेला माणूस का नसतो?

अळूवडी

कोणीच ‘वॉल्डन’ लिहिणाऱ्या अमेरिकन थोरोचं नाव अजून घेतलं नाही याचं नवल वाटलं. या सगळ्यांचे आद्य आजोबा तेच. ४ जुलै १८४५ ला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेले, दोन वर्षं दोन महिने राहिले, खोपीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा चोख मांडला. जागा मित्राची, एमर्सनची. आणि आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. आईच्या हातच्या जेवणाचा कॉलम त्या हिशेबात कुठे आहे? धुण्याचा?

माझा प्रश्न वेगळा आहे. बाई एकटी रानात राहिली तर गोष्ट कशी होते? मार्लेन हाउसहोफर या ऑस्ट्रियन बाईंची १९६३ ची एक कादंबरी आहे, ‘द वॉल’ नावाने इंग्रजीत मिळते, २०१२ मध्ये सिनेमाही आला. एक बाई डोंगरातल्या शिकारीच्या बंगलीवर जाते आणि सकाळी उठते तर मध्ये एक न दिसणारी भिंत. पलीकडची माणसं-जनावरं दगड होऊन थांबलेली. हिच्या वाट्याला एक कुत्रा, एक मांजर आणि एक गाय.

मग ती काय करते? चिंतन? गायीला चारा लागतो म्हणून गवत कापते. हात सुजेस्तोवर कापते. बटाटे लावते, लाकडं फोडते. गाय गाभण आहे म्हणून रात्री उठून गोठ्यात जाते. हे सगळं ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते. जग संपलं, नवरा नाही, सासर नाही, पण धार काढायची वेळ चुकली नाही! मी ती कादंबरी वाचताना हसले आणि मग रडले. बसच्या टपावर पाय सोडून बसायला तिला वेळच नाही.

गवतीचहा, तुम्ही म्हणता दुकान कापतात. मी म्हणते स्वयंपाकघर कापतात.

मितभाषी

नावाला न शोभणारा प्रतिसाद देतो. थोरोच्या धुण्याचा मुद्दा आता फार घासून झाला. स्वयंपाकघराबद्दल तुमचं बरोबर आहे, पण थोरो हा त्याचा चुकीचा आरोपी.

तो कधी म्हणाला मी अरण्यात एकटा आहे? खोपीत तीन खुर्च्या होत्या हे तोच सांगतो, त्यातली एक फक्त एकांतासाठी. दर एक-दोन दिवसांनी गावात जाऊन गप्पा ऐकतो हेही तोच सांगतो. तळ्याच्या कडेने आगगाडी जाते, तिच्यावर पानंच्या पानं आहेत. ‘वॉल्डन’ हे रानात हरवायचं पुस्तकच नाही. गावाच्या वेशीवर बसून गावाचा जमाखर्च तपासायचं पुस्तक आहे.

आणि एक गंमत. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या तळ्यावर बर्फ कापायला शंभर आयरिश मजूर येत. थोरो बसल्या बसल्या लिहितो की आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार. मुंबईत तेव्हा खरंच अमेरिकेहून जहाजाने बर्फ यायचा. म्हणजे ज्या तळ्याला आपण एकांताचं तीर्थ मानतो ते मुंबईच्या पेल्यांना जोडलेलं होतं, आणि हे थोरोला पुरतं ठाऊक होतं. त्याने दुकान कापलं नाही. वाचणाऱ्यांनी कापलं. दुर्गाबाईंनी (भागवत) मराठी अनुवादाला ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ नाव दिलं त्यातही ‘रान’ शब्द नाही, बघा. ‘काठ’ आहे.

अळूवडी

काठाचं आवडलं. आईच्या जेवणाचं उत्तर अजून आलेलं नाही. :)

रात्रपाळी

मूळ मुद्द्यावर येतो. “पोरांच्या डोक्यात भलतं भरलं” हे फार सोपं आहे. पण दुसरी बाजू मीच मांडतो, नाहीतर हिशेबनीस मांडतीलच. बस बघायला जाताना टेक्लानिकात २०१० मध्ये एक तरुणी वाहून गेली, २०१९ मध्ये आणखी एक. दोघी परदेशी. दर वर्षी कोणी ना कोणी अडकायचं आणि सोडवायला माणसं पाठवावी लागायची. शेवटी १८ जून २०२० ला लष्करी हेलिकॉप्टरने ती बस उचलून नेली. आता फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. फोटो मी पाहिला तेव्हा कसंतरी झालं. हिरव्या रानावर लटकलेली बस.

यात पुस्तकाचा दोष किती? मला अजून ठरवता येत नाही. पण ती बस मुळात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना राहायला म्हणून नेऊन ठेवलेली होती. म्हणजे गवतीचहांचा मुद्दा मीच सिद्ध करतोय की काय! त्या रानातही त्याच्या आधी कोणीतरी संसार थाटून गेलं होतं.

हिशेबनीस

मी मांडणारच होतो. वेळ वाचवल्याबद्दल आभार.

मोहाचंफूल

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. बाबा मेळघाटात वनखात्यात होते. पावसाळ्यात त्यांची नेमणूक कधीकधी आतल्या संरक्षण कुटीवर असायची. नियमाने दोन-तीन माणसं हवीत, पण एकाला ताप आला, दुसरा रेशन आणायला गेला आणि नाल्याला पूर आला, की उरलेला एकटा. बाबा एकदा असे नऊ दिवस होते.

त्यांना थोरो माहीत नाही. रानावर लिहिणारे मारुती चितमपल्ली माहीत आहेत, कारण ते आपल्या खात्यातले साहेब होते. मी त्यांना हा सिनेमा दाखवला. निम्म्यात म्हणाले, “याचं मीठ कुठाय?” एवढंच. मूसची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करून मांस सडलं त्या प्रसंगाला मान फिरवली.

नऊ दिवसांबद्दल विचारलं की वाघ-अस्वल सांगत नाहीत. सांगतात की आगपेटी दमट झाली होती, ती रात्रभर अंगाशी धरून झोपायचो. आणि चौथ्या दिवसापासून कुत्र्याशी बोलताना त्याच्या वतीने उत्तरंही मीच द्यायचो. घरी आल्यावर दोन दिवस जरा मोठ्यानेच बोलायचे, आई सांगते.

मला वाटतं तुम्ही दोघंही ‘हौसेने गेलेल्यां’बद्दल भांडताय. ज्याला पगारासाठी राहावं लागतं त्याच्यावर ना पुस्तक, ना सिनेमा. आणि बाबांना रान आवडत नव्हतं असंही नाही. निवृत्तीनंतर अजून पहाटे चारला उठून अंगणात उभे राहतात.

रात्रपाळी

मोहाचंफूल, तुम्ही लिहा ना यावर. खरंच. माघार वगैरे नाही, पण आगपेटीवाल्या माणसाचं पुस्तक मी आधी घेईन.

गवतीचहा

भाच्याला हा धागा पाठवला. उत्तर आलं, “मामा, कुत्रा चालेल का बरोबर?” बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

मोहाचंफूल, कुटीवर वायरलेस नव्हता का?

मोहाचंफूल

होता. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी हजेरी. पाऊस किती, नाला उतरला का, सगळं ठीक. ते झालं की पलीकडच्या कुटीवरचे काका बंद करायच्या आधी विचारायचे, “आज भाजी काय केली?” सातव्या दिवशी बाबांकडे कांदेही संपले होते. तरी ते रोज वेगळी भाजी सांगायचे.