बाळंतपणानंतरचं नैराश्य : नेमकं काय विचारता, कुठे चुकतं?

परिचारिका : तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे रेंगाळलं तर नैराश्याची तपासणी कराच. "झोप होते का?" हा प्रश्न फुकट जातो, तान्हं बाळ असताना कोण "हो" म्हणेल? "बाळ झोपलंय, बघायला दुसरं माणूस आहे, तेव्हा तरी डोळा लागतो का?" असं विचारा. तेव्हाही नाही लागत म्हणाली, तर पुढचं विचारायला बसा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. थकवा तिकडूनही येतो.

प्रश्नावल्यांचं भाषांतर करणारी : बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ची. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज हमखास चुकते ती १, २ आणि ४ या प्रश्नांमुळे : त्यांच्या उत्तरांच्या पर्यायांचे गुण वरून खाली वाढतात, बाकीच्यांचे उलटे. मूळ इंग्रजीत १३ किंवा त्याहून जास्त बेरजेला धोका धरतात. तोच आकडा दुसऱ्या भाषेत डोळे मिटून लावू नये. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल, तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोला. आणि सासू शेजारी बसलेली असताना भरलेला कागद मी तरी मोजत नाही.

समुपदेशक : "उदास वाटतं का?" याला कित्येक जणी "नाही" म्हणतात आणि डोकं जड झाल्याचं सांगतात. झिंबाब्वेत शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरात विश्रांती घेते. सोबतचं माणूस मायेचं असेल तर आधार, नाहीतर तीच कोंडी.

पाकिस्तानात नैराश्यावरच्या एका ग्रामीण प्रयोगात गावातल्या आरोग्यसेविकांनी १६ गृहभेटी दिल्या : गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात ४, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात ३, मग दरमहा एक. बोलणं बाळाच्या तब्येतीवरून सुरू व्हायचं, त्यामुळे घरचे दार उघडत. २००८मध्ये निकाल आले : सहा महिन्यांनी नैराश्य २३ टक्के, तुलनेच्या गटात ५३.

मनोविकारतज्ज्ञ : हजारात एक-दोघींना तीव्र मनोविकृती होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत : झोपेची गरजच वाटत नाही, भलते संशय, आवाज ऐकू येणं, गोंधळ. त्याच दिवशी रुग्णालय. तोवर तिला बाळासोबत एकटं ठेवू नका. नैराश्यावरचं सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. "अंगावर पाजतेय" म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.